काफी थाटातली चाल स्टाफ नोटेशनमध्ये लिहिताना की सिग्नेचर कोणती द्यावी?

प्रश्न (परभणी)
मी शाळेत संगीत शिकवतो. आमच्या वाद्यवृंदातील व्हायोलिन आणि क्लॅरिनेट वाजवणाऱ्या मुलांना स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन) वाचता येते, म्हणून काफी थाटातल्या (थाट म्हणजे रागांचा मूळ स्वरसंच) एका अभंगाची चाल त्या पद्धतीने लिहीत आहे. सा पांढरी एकचा, म्हणजे पाश्चात्त्य सी, आहे. गंधार आणि निषाद कोमल, बाकी स्वर शुद्ध. एका सहकाऱ्यांच्या मते चाल मायनर वळणाची असल्यामुळे की सिग्नेचरमध्ये, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या खुणांत, सी मायनरचे तीन फ्लॅट (स्वर कोमल करणाऱ्या खुणा) द्यावेत. पण मग प्रत्येक धैवतापुढे फ्लॅट रद्द करणारे नॅचरलचे चिन्ह द्यावे लागते आणि पान काळे होते. दोनच फ्लॅट दिले, तर ते बी फ्लॅट मेजर समजून मुले भलत्याच स्वराला सा धरतील अशी धास्ती वाटते. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर (लातूर)
सर, दोनच फ्लॅट द्यावेत. की सिग्नेचर कोणते स्वर उतरलेले वा चढलेले आहेत एवढेच सांगते. षड्ज कुठे आहे हे सांगण्याचे काम मेजर-मायनरच्या सवयीने आपणच तिच्या गळ्यात घातले आहे. सी हा षड्ज धरून पाहा: बिलावलला काही लागत नाही, कल्याणला एक शार्प (स्वर चढवणारी खूण), खमाजला एक फ्लॅट, काफीला दोन, आसावरीला तीन, भैरवीला चार. गंमत अशी, की नी, ग, ध, रे या ज्या क्रमाने या थाटांत स्वर कोमल होत जातात, त्याच क्रमाने की सिग्नेचरमध्ये फ्लॅट वाढतात, त्यामुळे या सहा थाटांना रूढ सिग्नेचर आपसूक मिळते. सुरुवातीला ‘सा = सी, काफी’ असे लिहिले की मुलांचा गोंधळ होणार नाही.

उत्तर (अंबाजोगाई)
काफीपुरते वरील मत मला मान्य आहे; सहकाऱ्यांची बाजूही अगदीच टाकाऊ नाही, कारण तीन फ्लॅट दिल्यास शुद्ध धैवत दर वेळी डोळ्यांत भरतो. तरीही वाजवणाऱ्याला ते जाचकच होते. जर्मन संगीतकार बाखच्या बी.डब्ल्यू.व्ही. (त्याच्या रचनांची सूची) ५३८ या ऑर्गनरचनेला ‘डोरियन’ (काफीसारखेच स्वर असलेला पाश्चात्त्य मोड, म्हणजे स्वरसंच) हे नाव केवळ डी मायनरचा नेहमीचा फ्लॅट सिग्नेचरमध्ये न दिल्यामुळे चिकटले, रचना मात्र खऱ्या अर्थाने त्या मोडमधली नाही. सिग्नेचरवरून मोड ओळखू नये तो यासाठीच.

क्लॅरिनेट बी फ्लॅटचा, म्हणजे लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजणारा, असेल, तर त्याचा कागद तेवढाच वर लिहावा लागेल, म्हणजे सा डीवर जाईल आणि सिग्नेचर कोरी राहील. मुले कोऱ्या सिग्नेचरला हमखास सी मेजर समजतात, म्हणून त्या कागदावर ‘सा = डी’ ठळक लिहावे.

पुढे भैरव थाटातले काही घेतलेत, तर हा हिशोब चालणार नाही, कारण तिथे रे-ध कोमल असून ग-नी शुद्ध असतात आणि तशी रूढ सिग्नेचरच नाही. अशा वेळी हंगेरियन संगीतकार बार्टोकने ‘मायक्रोकॉसमॉस’ या पियानोच्या रचनासंग्रहामध्ये वापरल्या तशा अपारंपरिक सिग्नेचरचा आधार घेऊन फक्त ते दोन फ्लॅट द्यावेत, असे मला वाटते.

प्रश्नकर्ता (परभणी)
आभारी आहे. दोन फ्लॅटच ठेवतो. अंतऱ्यात एके ठिकाणी आरोहात शुद्ध निषाद येतो, तेवढा नॅचरलने दाखवतो. क्लॅरिनेटच्या कागदाचे मात्र लक्षातच आले नव्हते. तो आज नव्याने लिहितो.