निसर्गदृश्याच्या तिकिटाला अखेरची मंजुरी कोणाची असावी?

मूळ मांडणी
टपाल तिकिटावर डोंगर, दरी किंवा सरोवर छापायचे असेल, तर चित्राचा अखेरचा नमुना त्या जागेच्या जाणकाराने पाहिल्याशिवाय छपाईला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. न्यूझीलंडच्या १८९८ सालच्या अडीच पेनीच्या तिकिटावर वाकाटिपू सरोवराचे नाव ‘वाकिटिपू’ असे छापले गेले. शंभर वर्षांनी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या ६० सेंटच्या तिकिटावर ॲरिझोनाऐवजी कोलोरॅडो लिहिले गेले. ती १० कोटी तिकिटे बाद करून नवी छापली, तर त्यांवरील छायाचित्रच डावे-उजवे उलटलेले निघाले! नाव तपासणारे पुष्कळ असतील, पण दरीचा आकार ओळखणारी नजर त्या मंजुरीच्या साखळीत नसावी.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. नावाची चूक हे मुद्रितशोधनाचे काम, त्यासाठी चित्रकाराच्या डोक्यावर आणखी एक अधिकारी कशाला? अंगठ्याएवढ्या जागेत किंमत आणि देशाचे नाव बसवून उरलेल्या पट्टीत डोंगररांग मावायची, तर निम्मी शिखरे गाळावीच लागतात. कोरीव छपाईत सावलीच्या रेघा फार जवळ आल्या की शाई एकमेकींत मिसळते आणि दरीच्या जागी काळा डाग उरतो. जाणकार प्रत्येक शिखरासाठी हटून बसला, तर तिकिटाचा नकाशा होईल.

मूळ लेखकाचे उत्तर
गाळण्याला माझी हरकत नाही. परंतु तिकीट ही देशाची अधिकृत साक्ष मानली जाते, हे विसरून चालणार नाही. अटलांटिक आणि पॅसिफिक महासागर जोडणाऱ्या कालव्यासाठी निकाराग्वा की पनामा, हा वाद १९०२ साली अमेरिकेच्या सिनेटपुढे असताना पनामाचे पुरस्कर्ते ब्युनो-व्हारिया यांनी निकाराग्वात ज्वालामुखींचा धोका आहे हे दाखवण्यासाठी सिनेटरांना त्या देशाचे १९०० सालचे, धूर ओकणाऱ्या मोमोतोंबो ज्वालामुखीचे तिकीट पाठवले, आणि कौल पनामाला मिळाला.

प्रतिसाद २
हे उदाहरण तुमच्यावरच उलटते. मोमोतोंबो जागृत ज्वालामुखी आहे, १९०५ साली त्याचा उद्रेकही झाला. त्यामुळे तुमच्या जाणकाराने तो धूर बिनदिक्कत मंजूर केला असता.

मूळ लेखकाचे उत्तर
मान्य आहे, आणि त्याने तो मंजूर करणेच योग्य ठरले असते, कारण धूर खरा होता. चित्राचा परिणाम काय होईल हे ठरवणे त्याचे काम नव्हे. नाव, दिशा आणि भूरूप एवढ्यापुरतीच त्याची सही असावी, तीही प्रत्यक्ष आकारात छापलेल्या नमुन्यावर. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हा अधिकार चित्रकाराचाच राहू द्या.