घरचे मिसळीचे हॉटेल फ्रँचायझीने वाढवावे का?

नौपाडावासी: ठाण्यात नौपाड्याला आमचे मिसळ-थालीपिठाचे छोटे हॉटेल आहे. वडिलांनंतर मी आणि धाकटा भाऊ ते चालवतो. मसाला मात्र अजूनही आईच्या अंदाजानेच पडतो. खारघरचे एक नेहमीचे गिऱ्हाईक आमच्या नावाने तिकडे हॉटेल काढू इच्छिते आणि एकरकमी शुल्काखेरीज विक्रीवर सहा टक्के रॉयल्टी देण्यास तयार आहे. करारापूर्वी काय पाहावे?

पाचपाखाडीचा करसल्लागार: नाव कोणाच्या मालकीचे, याचा निकाल आधी घरात लावावा. रेस्टॉरंट सेवेसाठी ट्रेडमार्क वर्ग 43 मध्ये नोंदवतात. पुढे मसाल्याची पाकिटे विकायची असतील, तर वर्ग 30 मध्येही नोंदवावा. ही नोंदणी एकाच भावाच्या नावावर झाली आणि उद्या वाटण्या झाल्या, तर रॉयल्टी कोणाची यावरून भांडण ठरलेले. त्यामुळे आधी एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा कंपनी करावी.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. 1872 च्या करार कायद्यातील कलम 27 मुळे, करार संपल्यावर समोरच्याने तसाच धंदा करू नये, ही अट न्यायालयात सहसा टिकत नाही. म्हणून कृती हाती न देता तयार मसालाच पुरवावा. रॉयल्टीवर 18 टक्के जीएसटी लागतो आणि पाच टक्के दराने कर भरणाऱ्या हॉटेलला त्याची वजावट मिळत नाही, त्यामुळे तुमचे सहा टक्के त्यांना 7.08 टक्क्यांना पडतील. खारघरच्या जागेसाठी एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना वेगळा लागेल.

सानपाडेकर: मी एका ब्रँडची फ्रँचायझी चालवली आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. रॉयल्टीचा आकडा कागदावर दिसतो, पण मसाल्याचा भाव मूळ मालक कधीही वाढवू शकतो आणि खरी पिळवणूक तिथे होते. दरवाढ कशावरून ठरेल, ते करारात लिहा. हद्द ठरवतानाही रस्त्यांची नावे पुरेशी नसतात; उद्या बेलापूरला दुसरी शाखा दिलीत, तर ॲपवरच्या ऑर्डरी खारघरवाल्याच्या हातून जातील.

तळोज्याचा पुरवठादार: 2004 मध्ये कल्याणहून सुरू झालेल्या गोली वडापाव या दुकानसाखळीने वडे आमच्या तळोज्यातील व्हिस्टा कंपनीकडून गोठवून घेतले, त्यामुळे दुकानात फक्त तळायचे काम उरले आणि आचाऱ्यागणिक चव बदलण्याचा प्रश्नच मिटला. मिसळीचे इतके सोपे नाही. कोरडा मसाला सहज पाठवता येतो, ओल्या वाटणाला मात्र शीतसाखळी (सलग थंडाव्यात साठवण आणि वाहतूक) लागते, आणि पाव तर स्थानिक बेकरीचाच घ्यावा लागतो. (फरसाणाबाबत हयगय करू नका, कट उत्तम असला तरी खवट शेव सगळे घालवते.)

आईंनी मसाला घालण्यापूर्वी आणि घातल्यानंतर डबे तोलून प्रत्येक जिन्नसाचे प्रमाण ग्रॅममध्ये काढा. त्या प्रमाणाने दुसऱ्या आचाऱ्याने केलेली मिसळ नौपाड्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना काही आठवडे न सांगता वाढा. ती कोणी परत पाठवली नाही, तरच खारघरशी बोलणी पुढे न्यावीत.