रीफ टँकमध्ये पाइपफिश: आधी खाणं जमवा, मग मासा आणा

खारेपाणी (लंडन)

नारिंगी अंगावर लांब निळी रेघ असलेला पाइपफिश दुकानात दिसला आणि मी तो लगेच माझ्या रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, घेऊन आले. "बोटाएवढा तर आहे, टाकीत मिळेल ते खाईल," असं दुकानदार म्हणाला. तीन आठवड्यांत त्याचं पोट खपाटीला गेलं, खालची कड सुरीच्या पातीसारखी दिसायला लागली, आणि एका सकाळी तो खडकामागे मेलेला सापडला. टाकीत रोज मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव) पडत होतं. पण टाचणीच्या डोक्याएवढ्या तोंडात ते मावणार कसं? तो माझ्यासमोर उपाशी मेला.

हा मासा समुद्रघोड्याच्याच कुळातला. या कुळाला जठर नसतं आणि दातही नसतात. नळीसारख्या तोंडाने भक्ष्य झटक्यात ओढून घ्यायचं, ते आतड्यातून भराभर पुढे जातं, साठवायला जागाच नाही. सकाळी एकदा चिमूटभर खाद्य टाकून कामाला जाणाऱ्याने तो आणू नये.

दुसऱ्या वेळी मी आधी चार महिने तयारी केली. सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या दुसऱ्या टाकीत) केटोमॉर्फा शेवाळ लावलं, त्यात टिस्बी जातीचे कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी जीव) सोडले. शिवाय रोज आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवांची) अंडी उबवते: लिटरभर पाण्यात साधारण 25 ग्रॅम मीठ, 27-28 अंश तापमान, खालून हवेचे बुडबुडे, 24 तास. मग हवा बंद करून बाटलीच्या तळाशी टॉर्च धरायचा. टरफलं वर तरंगतात आणि पिल्लांचा केशरी ढग उजेडाकडे जमतो. तो नळीने ओढून, गाळून, स्वच्छ पाण्यात खळबळून टाकीत. दिवसातून तीनदा. 120 लिटरच्या टाकीत आता एक जोडी आहे, दोन वर्षं झाली.

दर्या (रत्नागिरी)

ताई, मेहनतीबद्दल दुमत नाही, पण तयारी केली की हा मासा ठेवता येतो, हा निष्कर्ष मला मान्य नाही. माझ्या मते तो कोणीच ठेवू नये. हा धागा वाचून दहाजण मासा आणतील, चार महिने थांबणारा त्यातला एखादाच. दुकानात येणारे बहुतेक पाइपफिश थेट समुद्रातून पकडलेले असतात. डब्यातून प्रवास करताना ते किती दिवस उपाशी असतात, हे विकणाराही सांगत नाही.

आणि इकडच्या वाचकांसाठी: आपल्याकडे 2001 मध्ये हे अख्खं कूळ, समुद्रघोडे आणि पाइपफिश दोन्ही, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत घातलं गेलं. जाळ्यात आलेला मासा घरी नेऊन टाकीत सोडायचा विचारही करू नका.

खारेपाणी

कायद्याचं लिहिलंत ते बरं केलंत, माझ्याकडून ते राहून गेलं होतं. समुद्रातून पकडण्याबद्दल तुमच्याशी सहमत आहे. काही पाइपफिश पैदास केंद्रात वाढवलेले मिळतात. महाग असले तरी तेच घ्यावेत, आणि दुकानात आपल्या डोळ्यांदेखत खाताना बघितल्याशिवाय घेऊ नयेत. पण "कोणीच ठेवू नये" हे मला पटत नाही.

प्रवाळप्रेमी (न्यू जर्सी)

माझं म्हणणं उलट आहे. माझ्या टाकीत अ‍ॅक्रोपोरा या प्रवाळावर लाल किड्यांचा त्रास होता. ड्रॅगनफेस पाइपफिश आणला, तो ते किडे वेचून खायचा. औषध टाकायची वेळच आली नाही. मासा कामाचा आहे, एवढं घाबरवायला नको.

दर्या

दादा, किडे संपल्यावर त्याने काय खाल्लं? शिवाय अ‍ॅक्रोपोराच्या टाकीत पाण्याचा जोर केवढा असतो. हा मासा पोहायला मंद, पंप आणि ओव्हरफ्लोच्या (टाकीतून पाणी बाहेर जायच्या वाटेच्या) जाळीत ओढला जातो.

प्रवाळप्रेमी

जाळीवर स्पंज बसवला होता. पण खरं सांगतो, पुढे तो अशक्त होत गेला आणि पाच महिन्यांनी गेला. किडे संपल्यावर वेगळं काही दिलं नव्हतं. माझी चूक.

शेवाळवाला (पुणे)

आर्टेमियाबद्दल एक दुरुस्ती. पिल्लं उबवल्याबरोबर द्यावीत, तेव्हा त्यांच्या अंगात बलक असतो. सुमारे बारा तासांनी तो संपत जातो आणि मासा पोट भरूनही खंगतो. उशीर होणार असेल तर कात टाकू द्या, मग त्यांना सूक्ष्म शेवाळ खाऊ घालून द्या. त्याआधी घातलं तरी ती खात नाहीत, तोंडच उघडलेलं नसतं. आणि सोबत मँडरिन मासा ठेवू नका, तोही त्याच कोपेपॉडवर जगतो. दोघंही उपाशी राहतील.

खारेपाणी

माझ्या पहिल्या माशाच्या वेळी टाकीत मँडरिन होता. हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर…

आज सकाळी नराच्या पोटाखाली अंडी चिकटलेली दिसली. या कुळात अंडी नरच वागवतो. पाण्यात सुटणारी पिल्लं अगदी बारीक असतात, आर्टेमियाही त्यांना मोठी पडेल. रोटिफरची (आर्टेमियापेक्षाही बारीक जीवांची) बादली दुपारीच लावली आहे. कोणी रोटिफर वाढवले असतील तर त्यांना खाद्य किती वेळाने द्यावं ते सांगा.

दर्या

ताई, मत तेच आहे माझं. पण रोटिफर मी कोळंबीच्या हॅचरीत वाढवले आहेत. पाणी फिकट हिरवं दिसेल एवढं शेवाळ ठेवा. रंग उडाला की परत घाला, दिवसातून दोनदा तरी बघा. रात्रीसुद्धा हवा बंद करू नका.