मदत हवी आहे: आयपीने सर्व्हर सापडतो, नावाने नाही

मंडळी, बडोद्यात दांडिया बाजारात आमचं छोटं ऑफिस. नऊ पीसी, एक विंडोज सर्व्हर. डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारं) आणि डीएचसीपी (पीसींना आयपी पत्ते वाटणारं) दोन्ही त्याच्यावरच. गेल्या आठवड्यात नेटवाल्याने राउटर बदलला, तेव्हापासून शेअर फोल्डर कधी उघडतो, कधी नाही. सर्व्हरच्या आयपीला, १९२.१६८.१.१० ला, पिंग केलं की लगेच उत्तर. नावाने केलं की 'होस्ट सापडला नाही'. एनएसलुकअप (डीएनएसला नावाचा पत्ता विचारायची कमांड) ला सर्व्हरचा आयपी जोडून, म्हणजे थेट त्यालाच, विचारलं तर पत्ता बरोबर येतो. म्हणजे सर्व्हर बिचारा निर्दोष.

काल अकाउंट्सच्या काकूंच्या पीसीवर आयपीकॉन्फिग ऑल, म्हणजे नेटवर्कची सगळी सेटिंग दाखवणारी कमांड, मारलं (त्या मागे उभ्या, "जीएसटी भरायचाय हो!"). डीएचसीपी सर्व्हर आणि डीएनएस, दोन्हीकडे १९२.१६८.१.१, म्हणजे नवा राउटर! रिलीज-रिन्यू केलं, म्हणजे पत्ता सोडून पुन्हा मागितला, की कधी सर्व्हर उत्तर देतो, कधी राउटर.

राउटरचं डीएचसीपी बंद करतोच, पासवर्ड मागितलाय. पण मग सर्व्हर बंद पडला तर सगळ्यांचं नेटही जाईल ना? पीसींना दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ ठेवावा, तर त्याला आमची आतली नावं कुठून कळणार? सर्व्हरच्या फॉरवर्डरमध्ये (बाहेरची नावं सर्व्हर ज्याला विचारतो तिथे) तो टाकलाच आहे. तुम्ही अशा छोट्या ऑफिसात काय करता?