मदत हवी आहे: उन्हाने रापलेल्या त्वचेसाठी आईच्या जेवणात काय वाढवू?

नमस्कार मंडळी. नारायणगावजवळ आमची टोमॅटोची शेती आहे. आई ५२ वर्षांची, गेली ३० वर्षं उन्हात तोडणी करतेय. बांगड्या वर सरकवल्या की खालची कातडी अजून मऊ आणि उजळ दिसते. त्याच्या वर कोपरापर्यंत मात्र सुरकुत्या नि काळे डाग. बघून जीव तुटतो.

२००१ साली जर्मनीतल्या संशोधकांनी काही जणांना रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट ऑलिव्ह तेलासोबत दिली. १० आठवड्यांनी अतिनील किरणांमुळे येणारी लाली कमी झाली. टोमॅटोतलं लायकोपीन (त्याला लाल रंग देणारं द्रव्य) शिजवून, तेलासोबत खाल्लं की अंगी जास्त लागतं. पण लाली कमी होणं म्हणजे सुरकुत्या थांबणं नव्हे, हेही कळतं.

शेंगदाणा तेलात परतलेली टोमॅटोची चटणी चालेल का? रोज किती? तिला पित्ताचा त्रास आहे, आंबट फार सोसत नाही. मग गाजर, लाल भोपळा यांचा उपयोग होईल का? पदर, टोपी असतेच. सनस्क्रीन मात्र घामाबरोबर डोळ्यांत उतरून झोंबतं म्हणून लावत नाही. शेतात टिकणारं कुणी वापरलंय का? त्वचेचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ कुणी असाल तर कृपया सांगा.