म्हाताऱ्या गॅलक्सीत एक्स-रेचे एवढे ठिपके कुठून आले?

रात्रपाळी:
चंद्रा या अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणीने काढलेला एनजीसी ४६९७ या लंबवर्तुळाकार गॅलक्सीचा एक्स-रे फोटो बघत होतो. थोडा धुरकट उजेड आणि त्यात टाचणीने टोचल्यासारखे ठिपकेच ठिपके, ९० मोजलेत म्हणे, आणि बहुतेक सगळे एक्स-रे जोडतारे, म्हणजे एकमेकांभोवती फिरणारी, एक्स-रे सोडणारी जोडी. आता माझा घोळ असा की इथे नवीन तारे बनणं कधीच बंद पडलंय, मोठे तारे केव्हाच फुटून गेले, मग ही चूल अब्जावधी वर्षं पेटती ठेवतंय कोण?

ध्रुवमत्स्य:
सतत पेटती नाहीये रे, उशिरा पेटलीय.
मोठा तारा फुटून न्यूट्रॉन तारा (त्याचाच गच्च दाबला गेलेला गाभा) किंवा ब्लॅक होल मागे राहिलं, ते तेव्हाच. पण शेजारी सूर्यापेक्षाही हलका असेल तर तो वर्षानुवर्षं निवांत. मग कधीतरी तो फुगतो, किंवा दोघं फिरत फिरत जवळ येतात, आणि त्याचा वायू इकडे ओढला जायला लागतो. हा वायू सरळ पडत नाही, गोल फिरत तबकडी होते, आतल्या कडेला कोटीभर अंश तापते आणि एवढं तापलेलं एक्स-रेमध्येच चमकणार ना. हायड्रोजनच्या फ्यूजनमधून वस्तुमानाच्या ०.७ टक्के ऊर्जा मिळते, न्यूट्रॉन ताऱ्यावर नुसतं पडून १० टक्क्यांच्या वर जाते, म्हणून एवढ्या लांबून दिसतं.
सिग्नस एक्स-१ (आपल्या गॅलक्सीतला एक प्रसिद्ध एक्स-रे जोडतारा) वेगळी जात, तिथे जोडीदारच राक्षसी, काही लाख ते कोटीभर वर्षांत खेळ खल्लास. तसले ठिपके जिथे तारे आत्ता बनतायत तिथेच. तुझ्या फोटोत ते नसणारच.

टिपूर_चांदणं:
वरचं बरोबर, पण एक राहिलं. हाच फोटो साध्या प्रकाशातल्या फोटोवर ठेवला तर बरेच ठिपके गोलाकार तारकागुच्छांवर बसतात. तिथे ताऱ्यांची एवढी दाटी की एकटा न्यूट्रॉन तारासुद्धा येता-जाता कुणालातरी पकडतो. म्हणजे जोडी जन्माची असायलाच हवी असं नाही, नंतर जमलेलीही चालते :)

रात्रपाळी:
अच्छा!! म्हणजे गळती उशिरा सुरू होते, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मागच्या बाजूचा एखादा क्वेसार, म्हणजे खूप लांबच्या गॅलक्सीचा झगझगीत गाभा, असला तर तोही ठिपकाच दिसेल की?

ध्रुवमत्स्य:
दिसतो, आणि थोडे असतातच. रिकाम्या आकाशात तेवढ्या जागेत किती सापडतात ते माहीत असतं, तेवढे हिशोबातून वजा करतात, पण नेमका कुठला ठिपका परका हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. आपल्याच गॅलक्सीत सोपं जातं. स्कॉर्पियस एक्स-१ हा जोडतारा घे, १९६२ मध्ये आपल्या आकाशातल्या चंद्रावरून येणारे एक्स-रे शोधायला रॉकेट सोडलं आणि सापडलं हे, त्या जोडीची एक फेरी १९ तासांच्याही आत.
आणि त्या फोटोची हार्ड (जास्त ऊर्जेच्या) एक्स-रेवाली कॉपी मिळाली तर बघ, धुरकटपणा बराचसा जातो, कारण तो म्हणजे गरम वायू, आणि तो सॉफ्ट (कमी ऊर्जेच्या) एक्स-रेमध्येच चमकतो. ठिपके मात्र हलत नाहीत.