नुसती उंची बघून उतरू नका

लाटा मीटरभराच्या आत असतील तर मुलांना बिनधास्त सर्फिंगच्या बोर्डावर चढवा, असं कुणीतरी म्हटलंय. मला अर्धंच पटलं. लाटांच्या अंदाजात उंचीच्या शेजारी सेकंदांचा एक आकडा असतो, एका लाटेनंतर दुसरी किती वेळाने येते त्याचा. तो कुणी बघतच नाही. ५-६ सेकंद म्हणजे जवळपासच्या वाऱ्याने उठवलेली खळबळ. १२-१४ म्हणजे दूरच्या वादळातून निघालेली लाट. उंची तीच असली तरी ताकद साधारण दुप्पट, आणि उथळ पाण्यात आली की ती जास्त उंचावते.

त्यात या लाटा झुंडीने येतात. मागच्या सुट्टीत आम्ही पाच मिनिटं समुद्र न्याहाळला, अगदी तळ्यासारखा. लेक गुडघाभर पाण्यात बोर्ड आडवा धरून उभी (तो आडवा धरायचाच नसतो, हे नंतर कळलं) आणि लागोपाठ चार लाटा आल्या. पहिलीनेच बोर्ड तिच्या पोटावर आदळला. फार लागलं नाही, पण उरलेले दोन दिवस ती वाळूतच खेळली. आता आधी निदान वीस मिनिटं किनाऱ्यावर बसून राहतो, पोरं कितीही भुणभुण करोत.